बॅटरीवाचून उडणारी विमाने

१९३० आणि १९४० च्या दशकांतल्या बहुतेक हलक्या विमानांत विजेची यंत्रणा नसे, आणि त्यात कुणाला उणीव दिसत नसे. पायपर जे-३ कब, एरोंका चॅम्प, टेलरक्राफ्ट, लस्कम किंवा ब्रिटनचे टायगर मॉथ ही विमाने दिवसा उडायची, अंधार पडायच्या आत उतरायची आणि पंखा हाताने फिरवून सुरू व्हायची. कबच्या टाकीतले पेट्रोल कोणत्याही पंपाविना आपल्या वजनाने कार्ब्युरेटरपर्यंत उतरते. टाकीत किती पेट्रोल उरले हे दाखवायला बुचाच्या तरंगावर बसवलेली एक तार झाकणातून वर डोकावते. तार खाली गेली की वैमानिकाने शेत शोधायचे. इंजिनाला लागणारी वीज इंजिन स्वतःच निर्माण करते.

ही विमाने आज ऐंशी-नव्वद वर्षांची झाली आहेत आणि त्यांतली पुष्कळ अजून उडतात. एकट्या जे-३ ची, लष्करी आवृत्त्या धरून, एकोणीस हजारांवर विमाने पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन येथील पायपरच्या कारखान्यातून मुख्यतः बाहेर पडली. त्यांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला दोन वेगळी कामे करावी लागतात. एक म्हणजे विमान होते तसे चालू ठेवणे. दुसरे म्हणजे मालकाच्या हौसेखातर किंवा काळाच्या गरजेपोटी त्यात नवे काही बसवणे. पहिल्या कामाला चिकाटी पुरते. दुसऱ्यात एक पेच असतो. जुन्या विमानात एकच बदल करून कधी भागत नाही.

कबमध्ये सर्वाधिक आढळणारे इंजिन म्हणजे काँटिनेंटल कंपनीचे ए-६५. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे. थंड करायला वाऱ्याशिवाय काही नाही. आकारमान १७१ घनइंच, म्हणजे सुमारे २.८ लिटर, आणि ताकद ६५ अश्वशक्ती. एवढ्या लिटरच्या मोटारीचे इंजिन याच्या तिप्पट ताकद सहज देईल. पण हे इंजिन मिनिटाला २३०० फेऱ्यांवरच काम करते आणि मध्ये गिअर न घेता पंखा थेट फिरवते. कॉम्प्रेशन अवघे ६.३ ला १. कशावरही ताण नाही, म्हणून ते इतकी वर्षे टिकले.

या इंजिनाचा प्राण मॅग्नेटोत असतो. मॅग्नेटोच्या आत एक कायमचा चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवतीच्या जाड तारेच्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण करतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि त्या धक्क्याने बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो. तो दाब प्लगच्या फटीतून ठिणगी होऊन उडी मारतो. इंजिन २३०० फेऱ्यांवर असताना प्रत्येक मॅग्नेटो मिनिटाला ४६०० ठिणग्या देतो. मॅग्नेटो दोन असतात, प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. एक मॅग्नेटो मेला तरी दुसऱ्यावर विमान घरी येते. या साऱ्यात बॅटरी कुठेच नाही.

मॅग्नेटोची एक गोष्ट मात्र नवख्याला चकवते. घरातल्या दिव्याचे बटण बंद केले की तार तुटते. मॅग्नेटोचे बटण बंद केले की तार जोडली जाते. बटणापासून मॅग्नेटोपर्यंत गेलेली बारीक तार त्याला अर्थ करते आणि म्हणून ठिणगी थांबते. ती तार थरथरीने तुटली किंवा तिचा लग सैल झाला, तर बटण बंद दाखवते आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. हँगरमध्ये शांत उभ्या विमानाचा पंखा कुणी सहज हलवला, सिलिंडरमध्ये थोडी वाफ उरली असली, तर इंजिन एक झटका देते. हात, खांदा किंवा डोके तुटायला तेवढा पुरतो. म्हणून जाणते मिस्त्री प्रत्येक पंखा चालू असल्यासारखाच वागवतात. उड्डाणापूर्वीच्या तपासणीचा खरा अर्थही इथे कळतो. वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती घटतात ते पाहतो. थोड्या फेऱ्या घटणे ठीक. फार घटल्या तर प्लग किंवा मॅग्नेटो आजारी. पण अजिबात घटल्या नाहीत तर खूश होण्याचे कारण नाही, कारण मॅग्नेटो बंदच झाला नसल्याची ती खूण असू शकते.

हाताने पंखा फिरवताना मॅग्नेटो इतका हळू फिरतो की ठिणगी दुबळी पडते, आणि ती वेळेआधी पडली तर पंखा उलटा फटका मारतो. यावरचा तोडगा पूर्णपणे यांत्रिक आहे. मॅग्नेटोच्या दांड्यावर स्प्रिंग बसवलेली असते. ती थोडा वेळ चुंबकाला अडवून धरते आणि मग खटकन सोडते. चुंबक क्षणभर जोरात फिरतो, ठिणगी ताकदीची पडते आणि पिस्टन माथ्यावर पोचेपर्यंत उशीरही झालेला असतो. इंजिन सुरू करताना ऐकू येणारा खटका तो हाच. इंजिनाने वेग घेतला की वजनदार काटे बाहेर फेकले जाऊन स्प्रिंग बाजूला होते. हाताने सुरू करण्याचे बाकीचे शास्त्र साधे आहे. चाकांना ओट लावलेली हवी, शेपूट बांधलेली हवी, आत ब्रेक आणि थ्रॉटल ओळखणारा माणूस बसलेला हवा. या तिन्हींना फाटा दिला की इंजिन सुरू होताच विमान वैमानिकाशिवाय धावत सुटते. असे अपघात आजही होतात.

नेहमीच्या देखभालीतले सर्वांत बोलके काम म्हणजे कॉम्प्रेशनची तपासणी. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि आत किती टिकते ते पाहायचे. ८० पैकी ७२ उरले तर उत्तम. साठच्या खाली गेले की विचार सुरू करायचा. पण आकड्यापेक्षा कान महत्त्वाचे. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑईल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा झिजल्या आहेत. पहिले लक्षण सर्वांत वाईट, कारण गळणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत जातो आणि एके दिवशी हवेतच तुटतो.

व्हॉल्व्हच्या दुखण्याला बऱ्याच अंशी पेट्रोल जबाबदार आहे. ही छोटी इंजिने कमी ऑक्टेनच्या इंधनासाठी बनली. पुढे त्यांना ८०/८७ हे लाल रंगाचे विमानी पेट्रोल मिळू लागले. ते बाजारातून गेले आणि उरले निळे १००एलएल. त्याच्या नावात शिसे कमी असल्याचा दावा आहे, पण तो जास्त शिशाच्या जुन्या हिरव्या पेट्रोलशी तुलना करून केलेला. लाल पेट्रोलच्या तुलनेत त्यात शिशाची कमाल मर्यादा चौपट आहे, लिटरला ०.५६ ग्रॅम. थंड चालणाऱ्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात हे शिसे जळून बाहेर जात नाही. खालच्या प्लगच्या खोबणीत राखाडी गोळ्या साचतात आणि ठिणगी मरते. व्हॉल्व्हच्या दांड्यावर थर बसतो आणि दांडा गाइडमध्ये अडकतो. मिस्त्री प्लग काढून साफ करतो, खालचे वर आणि वरचे खाली बसवतो, कधी पेट्रोलमध्ये शिसे विरघळवणारे औषध घालतो. अमेरिकेत १९८२ पासून काही विमानांना मोटारीचे पेट्रोल वापरायची परवानगी मिळत गेली आणि या इंजिनांना ते मानवलेही. अट एकच, त्यात इथेनॉल नको. भारतात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेव्हा इथे हा मार्ग बंद आहे. इथेनॉल रबर फुगवते आणि बुचाच्या तरंगावरचे व्हार्निश सोलून काढते. बूच पेट्रोल पिते, जड होते आणि टाकी भरलेली असली तरी तार खाली जाते.

ऑईलचे गणित सोपे आहे. ए-६५ ला फिल्टर नाही, फक्त जाळी आहे, म्हणून दर २५ तासांना ऑईल बदलणे शहाणपणाचे. खरा शत्रू विमान न उडणे हा आहे. महिनोन्‌महिने उभ्या इंजिनात ओलावा साचतो, कॅमशाफ्ट आणि टॅपेटवर गंज धरतो, आणि पुढच्या उड्डाणात तोच गंज वाळूसारखा घासत जातो. विमान उडवता येत नाही म्हणून जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवणारे मालक स्वतःचे नुकसान करतात. इंजिन पुरते तापत नाही, जळण्यातून आलेले पाणी ऑईलमध्येच राहते. किनारपट्टीवरच्या हँगरमध्ये ही चूक अधिक महाग पडते.

ब्रिटिश घराण्यातल्या इंजिनांचे स्वभाव वेगळे. टायगर मॉथमधले जिप्सी मेजर हे ६.१ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन उलटे बसते. क्रँकशाफ्ट वर, सिलिंडरची डोकी खाली. त्यामुळे पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाला पुढचे दिसते. पण विमान उभे असताना ऑईल पाझरून सिलिंडरच्या डोक्यात साचते. प्लग ओले होतात. साचलेले ऑईल जास्त असले आणि कुणी जोर लावून पंखा फिरवला, तर पिस्टनपुढे न दबणारा द्रव येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी बटण बंद ठेवून पंखा हाताने सावकाश काही वेळा फिरवतात. त्याच्या नटबोल्टचे आटेही ब्रिटिश मापाचे, त्यामुळे काँटिनेंटलचे पान्हे इथे चालत नाहीत. या घराण्याचा मुंबईशी जुना संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला आणलेले पस मॉथ उलट्या जिप्सी इंजिनाचेच होते. त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या टाटांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथमधून पुन्हा पार केला. त्यात जिप्सी मेजर होते. वैमानिकाच्या धाडसाचे कौतुक तेव्हा खूप झाले. पण अर्धशतकापूर्वीच्या घडणीचे एक इंजिन तेवढे अंतर न कुरकुरता चालते याचा अर्थ त्यामागे नाव न झालेल्या मिस्त्रींचे कसब होते.

आता बदलांकडे. पहिला मोह ताकदीचा. ए-६५ ला काही सुटे भाग बदलून ए-७५ करता येते. आकारमान तेच राहते, वाढीव दहा अश्वशक्ती २३०० ऐवजी २६०० फेऱ्यांतून येतात. कागदावर हे छान दिसते. पण पंखा जितका वेगाने फिरतो तितका त्याचा आवाज वाढतो आणि लांब पंख्याची कार्यक्षमता घटते, म्हणून वाढलेल्या ताकदीतली काही वाऱ्यावरच जाते. सी-८५ हा बरा पर्याय. तो १८८ घनइंचांचा आहे. पुढे सी-९० आणि ओ-२०० ही भावंडे, दोन्ही २०१ घनइंचांची. ओ-२०० शंभर अश्वशक्ती देते, पण २७५० फेऱ्यांवर. सी-९० नव्वद देते, अवघ्या २४७५ फेऱ्यांवर. छोट्या धावपट्टीवरून उठणाऱ्या, लांब पंख्याच्या कबसाठी शंभरापेक्षा नव्वदच अधिक उपयोगी, असे मत बहुतेक अनुभवी लोकांचे आहे आणि ते बरोबर आहे. सी-८५ च्या जुन्या क्रँकशाफ्ट मिळेनाशा झाल्यावर त्याच पेटीत ओ-२०० ची क्रँकशाफ्ट, रॉड आणि पिस्टन बसवण्याची मान्यताप्राप्त रीतही निघाली. या क्रँकशाफ्टचा स्ट्रोक पाव इंचाने जास्त आहे. इंजिनावरची पाटी सी-८५ चीच राहते, आतला हात मात्र लांब झालेला असतो.

या पाट्यांवरचे आकडे विजेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. ए-६५-८ किंवा सी-८५-८ मधल्या आठचा व्यवहारातला अर्थ असा, की इंजिनाच्या मागच्या पेटीवर सेल्फ आणि डायनामो बसवायला जागाच नाही. सी-८५-१२ वर ती आहे. भारतीय फ्लाइंग क्लबांसाठी हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९५८ मध्ये उडवलेले पुष्पक एरोंकाच्या वळणाचे आणि काँटिनेंटल सी-९० वर चालणारे होते. अशा विमानाला कुणी सेल्फ मागितला की पहिला प्रश्न बॅटरी कुठे ठेवायची हा नसतो. मागची पेटी कोणती आहे, हा असतो.

समजा मालकाला फक्त रेडिओ हवा आहे. मूळ प्लगच्या तारा उघड्या असतात, त्यावर धातूची जाळी नसते. प्रत्येक ठिणगी एक छोटे प्रसारण केंद्र असते आणि मिनिटाला हजारो ठिणग्यांची कडकड रेडिओत उतरते. म्हणजे जाळीदार तारांचा संच हवा. त्याला बसतील असे प्लग हवेत. जुन्या मॅग्नेटोला हा संच जुळत नसेल तर मॅग्नेटोही बदलायचा. मग रेडिओला वीज लागते, म्हणून बॅटरी. बॅटरी भरायला डायनामो, किंवा पूर्वी पोटाखाली बसवत तसा वाऱ्यावर फिरणारा छोटा डायनामो. डायनामो आला की रेग्युलेटर, अँमीटर, फ्यूज. बॅटरी आलीच आहे तर सेल्फ का नको? इथवर पोचलेला मालक सुरुवातीला फक्त रेडिओ मागत होता हे विसरलेला असतो.

जुना डायनामो हा मनस्वी प्राणी आहे. जमिनीवर मंद चालणाऱ्या इंजिनावर तो जवळजवळ काहीच देत नाही. त्याच्या रेग्युलेटरच्या डब्यात तीन वेटोळी असतात. एक व्होल्टेज आवरते, एक प्रवाह आवरते आणि तिसरे, म्हणजे कटआऊट, इंजिन बंद झाल्यावर बॅटरी डायनामोत उलटी रिकामी होऊ देत नाही. या वेटोळ्यांचे स्प्रिंग आणि पॉइंट थरथरीने हळूहळू बदलतात. डायनामो खोलून परत बसवला की त्याला एकदा बॅटरीचा स्पर्श देऊन दिशा शिकवावी लागते, नाहीतर तो उलट्या बाजूने भरू पाहतो. त्याच्या चक्राजवळ रबरी कपलिंग असते. ते झिजले तर रबराचे तुकडे सरळ इंजिनात पडतात, आणि विजेचे दुखणे ऑईलचे दुखणे होते.

मग बेरीज करावी लागते. १३ व्होल्टचा १०० वॉटचा उतरण्याचा दिवा जवळजवळ आठ अँपिअर ओढतो. पंखांच्या टोकांचे आणि शेपटीचे जुने दिवे मिळून सहाच्या आसपास. १२ अँपिअरचा डायनामो एवढ्यातच थकतो आणि रेडिओ अजून लावलेलाच नाही. एलईडी दिव्यांनी ही अडचण बरीच सोडवली. जुन्या विमानात केलेल्या आधुनिक बदलांत निःसंशय चांगला म्हणावा असा हा एक.

सेल्फची भूक वेगळी. तो क्षणभर दोनशे अँपिअरपर्यंत ओढू शकतो. पंधरा फूट लांबीची चार नंबरची तांब्याची केबल एवढ्या प्रवाहात एकटीच पाऊण व्होल्ट खाते. परतीचा मार्ग विमानाच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यातून जातो. तिथे क्लँपखाली रंग किंवा गंज असला की आणखी व्होल्ट जातात. सेल्फ बदलला, बॅटरी बदलली, तरी पंखा कण्हत फिरतो, अशा तक्रारीत दोष बहुधा या एका जोडावर सापडतो. पायपरच्या काही पुढच्या विमानांत वजन वाचवायला अॅल्युमिनियमच्या केबल घातल्या होत्या. त्यांच्या टोकांना गंज धरला आणि पुष्कळांनी त्या तांब्याच्या केल्या. सांगाड्यातून मोठे प्रवाह जाऊ लागले की नळ्यांत चुंबकत्वही येऊ शकते, आणि होकायंत्र भलतीकडे बोट दाखवते.

तारा ओढताना कसोटी लागते. जुन्या तारांवर रबर आणि त्यावर कापसाची वीण असे. ते रबर आता बोटात चुरते. नंतर आलेल्या पीव्हीसीच्या तारा जळाल्या तर कोंदट कॉकपिटमध्ये विषारी धूर होतो. आजच्या टेफझेल आवरणाच्या तारा १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतात आणि पातळही असतात. टोकांना डाख देण्याची सवय रेडिओच्या दुकानात ठीक, विमानात नको. डाख तारेत जिथवर शिरतो तिथवर ती कडक होते आणि थरथरीत नेमकी त्या सीमेवर तुटते. योग्य अवजाराने दाबलेला लग जास्त टिकतो.

विजेवर चालणारे इग्निशन हा अलीकडचा मोह. ते ठिणगीची वेळ इंजिनाच्या गतीनुसार बदलते, पेट्रोल वाचवते, सहज सुरू होते. पण त्याचे काही प्रकार बॅटरीवर जगतात. ज्या इंजिनाला बॅटरी ठाऊकच नव्हती त्याचे हृदय बॅटरीला बांधणे हा उलटा प्रवास आहे. एक मॅग्नेटो तरी मूळचा ठेवावा. सावध मिस्त्री हेच करतात.

कायद्यातही एक गंमत आहे. अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवतीच्या ३० सागरी मैलांच्या वर्तुळात ट्रान्सपाँडर लागतो आणि जानेवारी २०२० पासून आपली जागा प्रसारित करणारे एडीएस-बी यंत्रही. मात्र ज्या विमानाला इंजिनावर चालणारी विजेची यंत्रणा मुळात नव्हती आणि नंतरही बसवलेली नाही, त्याला नियंत्रित हद्दीबाहेर राहिल्यास सूट आहे. डायनामो बसवला की सूट जाते, आणि दोन महागडी यंत्रे घ्यावी लागतात. म्हणून काही मालक सेल्फ आणि बॅटरी बसवतात, पण डायनामो मुद्दाम टाळतात. बॅटरी रात्री हँगरमध्ये भरायची, दिवसभरात काही वेळा सेल्फ मारायचा. ही तडजोड दिसते अर्धवट, पण तिच्याइतकी विचारी तडजोड या विषयात दुसरी नाही.

शेवटी वजन. कबचे रिकामे वजन सुमारे ३४७ किलो आणि उड्डाणाची कमाल मर्यादा ५५३. मध्ये उरले २०६. टाकीभर म्हणजे १२ गॅलन पेट्रोलचे ३३ गेले, इंजिनातल्या ऑईलचे तीन गेले. ऐंशी-ऐंशी किलोची दोन माणसे बसली की हातात दहा किलो राहतात. सेल्फ, डायनामो, जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी, केबल आणि रेग्युलेटर मिळून पंचवीस किलोच्या आसपास होतात. लिथियमची बॅटरी घेतली तर आठेक किलो वाचतात, पण जुन्या रेग्युलेटरचा अस्थिर चार्ज तिला झेपत नाही आणि तोही बदलावा लागतो. प्रत्येक बदलाला मंजुरीचा कागद लागतो, लॉगबुकात नोंद लागते, वजन आणि तोल नव्याने मांडावा लागतो. ती मांडणी प्रामाणिकपणे केली की विजेच्या साऱ्या सोयी बसवलेल्या जे-३ कबमध्ये भरल्या टाकीनिशी ऐंशी-ऐंशी किलोची ती दोन माणसे कायद्याने बसू शकत नाहीत.